बारा टक्क्यांची मुदत ठेव: एका मल्टिस्टेट पतसंस्थेच्या सेवेचा आढावा

बीड जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मोंढ्यालगत शाखा असलेल्या मल्टिस्टेट, म्हणजे बहुराज्य, सहकारी पतसंस्थेच्या मुदत ठेव सेवेविषयी हे लिहीत आहे. संस्थेविरुद्धची आमची तक्रार अजून प्रलंबित असल्यामुळे तिचे नाव देत नाही. माझ्या आत्याची ठेव या शाखेत आहे. अहिल्यानगर–बीड–परळी रेल्वेमार्गात तिची जमीन गेली, तिचा मावेजा मिळाला आणि त्यातले पाच लाख रुपये तिने बारा टक्के व्याजाच्या मुदत ठेवीत ठेवले. हिशेब लिहिणे आणि करविवरणपत्रे भरणे हा माझा व्यवसाय आहे, त्यामुळे तिची पावती, पासबुक आणि व्याजाचे दाखले माझ्याकडेच असतात. त्या कागदांवरून आणि शाखेत आलेल्या अनुभवावरून ही सेवा कशी आहे ते मांडतो.

आधी चांगले सांगायला हवे, कारण ते खरोखरच चांगले आहे. शाखा सकाळी दहाला उघडते आणि संध्याकाळी सातपर्यंत काम चालते, त्यामुळे मोंढ्यात सोयाबीन किंवा तूर घालून आलेल्या शेतकऱ्याला आडत्याकडून मिळालेली पट्टी त्याच दिवशी खात्यात भरता येते. रोजची छोटी बचत गोळा करणारा पिग्मी एजंट दुकानोदुकानी फिरतो, हातातल्या यंत्रातून लगेच पावती काढून देतो आणि चहाच्या गाड्यावरचे पन्नास रुपयेही तितक्याच आदराने घेतो. सगळे अर्ज मराठीत आहेत. ज्या बाईला सही येत नाही तिला कर्मचारी खुर्चीवर बसवून प्रत्येक रकाना वाचून दाखवतो आणि "मावशी, वारस म्हणून कुणाचं नाव घालायचं?" असे विचारून तिच्यासमोर लिहितो. याच रकमेसाठी आत्या आधी एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेत गेली होती, तेव्हा आधार कार्डावरचे नाव आणि पॅन कार्डावरचे नाव जुळत नाही एवढे सांगून तिला परत पाठवले गेले. ते जुळवायचे कसे, हे सांगायला कोणाला वेळ नव्हता. मल्टिस्टेटच्या शाखेत तेच काम चहा घेता घेता झाले.

मराठवाड्यातला ठेवीदार अशा संस्थांकडे निव्वळ लोभापायी गेला, असे मोठ्या शहरांत सहज बोलले जाते. मला ते अजिबात मान्य नाही. बीड, धाराशिव आणि नांदेड या तिन्ही जिल्ह्यांच्या मध्यवर्ती सहकारी बँका अडचणीत आल्या आणि ज्या बँकेवर आधीच्या पिढीने डोळे झाकून भरवसा ठेवला तिच्याच खिडकीवर लोकांना रिकाम्या हाताने थांबावे लागले. या भागात जुन्या लोकांच्या ओळखीची असलेली स्टेट बँक ऑफ हैदराबाद १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. ज्या राष्ट्रीयीकृत शाखा उरल्या, तिथे पीकविमा, शासकीय अनुदान, निवृत्तिवेतन आणि पीककर्ज या सगळ्यांची गर्दी एकाच काउंटरवर असते. गावातल्या ओळखीचा माणूस जेव्हा उजेडाच्या शाखेत बसून आदराने बोलतो आणि वर पाच टक्के व्याज जास्त देतो, तेव्हा तिकडे जाणारा माणूस मूर्ख ठरत नाही. त्याच्यापुढे खरोखर कोणते पर्याय होते, हे पाहून मग त्याला बोल लावावा.

आता व्याज. आत्याने ठेव ठेवली तेव्हा राष्ट्रीयीकृत बँका वर्षाच्या ठेवीला सात टक्क्यांच्या आसपास व्याज देत होत्या. पाच लाखांवर बारा टक्क्यांनी वर्षाला साठ हजार होतात आणि सात टक्क्यांनी पस्तीस हजार. म्हणजे महिन्याला दोन हजार रुपयांचा फरक, आणि एकट्या राहणाऱ्या विधवेच्या घरखर्चात दोन हजार रुपये ही मोठी रक्कम असते. मात्र ठेवीदाराने याच हिशेबाची दुसरी बाजूही मांडून पाहायला हवी. संस्थेला बारा टक्के व्याज द्यायचे, एजंटांचे कमिशन, शाखांचे भाडे आणि पगार भागवायचे आणि वर काही शिल्लक ठेवायची, तर तिला कर्ज सोळा-सतरा टक्क्यांच्या खाली देता येणार नाही. त्या दराने कर्ज कोण घेतो? ज्याला बँकेने नाकारले आहे तो, ज्याला उद्याच पैसे हवे आहेत तो, किंवा ज्याला परतफेडीची फारशी चिंता नाही तो. पहिल्या दोघांत पुष्कळ प्रामाणिक माणसे असतात. तिसरा मात्र बहुतेक वेळा संचालकांच्या घरातला किंवा त्यांच्याच कंपनीतला निघतो, आणि मराठवाड्यात ज्या ज्या ठिकाणी ठेवी बुडाल्या तिथे आरोपांचा रोख याच तिसऱ्या कर्जदाराकडे राहिला आहे.

ठेवीची पावती माझ्यासमोर आहे. जाड कागद, कडेने हिरवी वेलबुट्टी, वर संस्थेचे बोधचिन्ह, मध्ये रक्कम अक्षरी आणि अंकी, खाली शाखाधिकारी आणि लेखापाल यांच्या सह्या आणि गोल शिक्का. बँकेच्या पावतीशेजारी ठेवली तर हीच अधिक भारदस्त दिसते. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत नियम छापले आहेत. त्यांतला एक नियम असा आहे की मुदतीपूर्वी ठेव परत करणे संस्थेकडील निधीच्या उपलब्धतेवर अवलंबून राहील. दुसऱ्या नियमानुसार ठेवीदार हा संस्थेचा सभासद असून संस्थेचे पोटनियम त्याच्यावर बंधनकारक आहेत. ठेव विमा हा शब्द त्या कागदावर कोठेही नाही. तो असणारही नाही, कारण ठेव विमा महामंडळाचे पाच लाखांपर्यंतचे संरक्षण फक्त बँकांतील ठेवींना आहे. पतसंस्था, मग ती राज्यातली असो की बहुराज्यीय, त्या छत्राखाली येत नाही. ठेव ठेवताना आत्याने भरलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात सभासदत्वाचा अर्ज होता आणि एका भागाची (शेअरची) रक्कमही घेतली होती. त्या एका सहीने ती कायद्याच्या दृष्टीने नुसती ग्राहक राहिली नाही, संस्थेची सभासद झाली, आणि तिची ठेव ही जनतेची ठेव न राहता सभासदाची ठेव झाली. हे तिला कोणी समजावून सांगितले नव्हते. वारसाचा रकाना वाचून दाखवणाऱ्या त्याच कर्मचाऱ्याला हा रकाना समजावून सांगावासा वाटला नाही, ही माझ्या मते या सेवेतली सर्वांत गंभीर उणीव आहे.

जिल्ह्यातल्या इतर मल्टिस्टेट संस्थांच्या शाखांना टाळे लागल्याच्या बातम्या येऊ लागल्या तेव्हा या शाखेतही रांगा लागल्या. आत्याच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली होती, म्हणून आम्ही ठेव मोडण्याचा अर्ज दिला. शाखाधिकाऱ्यांचे बोलणे तेव्हाही सौम्य होते. "काकू, काळजी करू नका, चेअरमन साहेबांनी सांगितलंय, एकाचाही रुपया बुडणार नाही," असे ते म्हणाले आणि आठवड्याला दहा हजार रुपये नेण्याची परवानगी दिली. पुढे दहाचे पाच झाले, मग फक्त व्याज मिळू लागले आणि नंतर व्याजाच्या रकमेचाही धनादेश पुढच्या तारखेचा मिळू लागला. शस्त्रक्रिया दागिने तारण ठेवून केली. शाखा आजही उघडी असते, दिवे लागलेले असतात, पाणी विचारले जाते. पैसे मिळत नाहीत.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. सगळे ठेवीदार एकाच दिवशी दारात उभे राहिले तर जगातली कोणतीही बँक त्यांना पैसे देऊ शकत नाही. लोकांकडून थोड्या मुदतीचे पैसे घ्यायचे आणि ते लांब मुदतीच्या कर्जात घालायचे, हाच बँकेचा धंदा आहे, आणि तो धंदा भरवशावरच चालतो. म्हणूनच बँकेच्या भरवशामागे कायद्याने अनेक टेकू उभे केले आहेत. बँकेला ठेवींचा काही हिस्सा रोख स्वरूपात रिझर्व्ह बँकेकडे ठेवावा लागतो आणि अठरा टक्के मुख्यतः सरकारी रोख्यांत गुंतवावे लागतात, म्हणजे अडीनडीला विकता येईल अशी मालमत्ता हाताशी राहते. कर्जाचा हप्ता नव्वद दिवस थकला की ते खाते थकीत म्हणून दाखवावे लागते आणि त्यासाठी नफ्यातून तरतूद करावी लागते. बँकिंग नियमन कायद्याच्या कलम २० नुसार बँकेला आपल्याच संचालकांना किंवा त्यांचे हितसंबंध असलेल्या कंपन्यांना कर्ज देता येत नाही. रिझर्व्ह बँकेचे तपासनीस दप्तर तपासतात, तात्पुरती चणचण असेल तर तीच रिझर्व्ह बँक पैसे पुरवू शकते, आणि सगळेच बिघडले तर ठेव विमा असतो. आमच्या मल्टिस्टेटकडे धंदा बँकेचाच आहे, पण हे टेकू नाहीत. सावलीतली बँकव्यवस्था (शॅडो बँकिंग) म्हणून ज्या प्रकाराची जगभर चर्चा होते, त्याचे सारे सार एवढ्यात येते.

हा शब्दप्रयोग २००७ साली अमेरिकेतल्या एका परिषदेत पॉल मॅककली या गुंतवणूक तज्ज्ञाने रूढ केला. त्याच्या डोळ्यांसमोर पतसंस्था नव्हत्या. बँकेचा परवाना न घेता बँकेसारखी उसनवारी आणि कर्जवाटप करणाऱ्या अमेरिकेतल्या वित्तीय कंपन्या, निधी आणि त्यांची गुंतागुंतीची साखळी त्याला अभिप्रेत होती. पुढच्याच वर्षी त्याचा अनुभव आला. १५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्स या अमेरिकेतल्या बड्या गुंतवणूक बँकेने दिवाळखोरी जाहीर केली. लोकांचे पैसे थोड्या मुदतीच्या कर्जरोख्यांत गुंतवणाऱ्या, रिझर्व्ह प्रायमरी फंड नावाच्या सुमारे ६,२०० कोटी डॉलरच्या मनी मार्केट निधीकडे लेहमनचे कर्जरोखे फक्त ७८.५ कोटी डॉलरचे होते, म्हणजे एकूण मालमत्तेच्या सव्वा टक्क्याच्या आसपास. पण हा निधी म्हणजे बँकेइतकीच सुरक्षित जागा, एक डॉलर ठेवला की एक डॉलर परत, अशी लोकांची समजूत होती. १६ सप्टेंबरला एका डॉलरच्या भागाची किंमत सत्त्याण्णव सेंटवर आली आणि दोन दिवसांत सुमारे ४,००० कोटी डॉलर परत मागितले गेले. तीन सेंटच्या तोट्याने एवढी धावपळ झाली, कारण मागे विमाही नव्हता आणि पाठीशी उभी राहायला बांधील असलेली मध्यवर्ती बँकही नव्हती. जो आधी पोहोचेल त्याला पूर्ण पैसे आणि जो मागे राहील त्याच्या वाट्याला तोटा, हे प्रत्येकाला कळत होते. अखेर अमेरिकेच्या सरकारला अशा सर्व निधींना तात्पुरती हमी द्यावी लागली. ज्यांनी कधी विम्याचा हप्ता भरला नव्हता त्यांची जोखीम सरकारी तिजोरीने उचलली. न्यूयॉर्कच्या त्या निधीच्या आणि आमच्या मोंढ्यातल्या शाखेच्या आकारात कल्पनेबाहेरचे अंतर आहे, पण रांग लागण्याचे कारण दोन्हीकडे एकच आहे.

भारतातले मोठे उदाहरण २०१८ चे आहे. आयएल अँड एफएस हा पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणारा समूह होता, त्याच्या पोटात तीनशेहून अधिक कंपन्या होत्या आणि एकूण कर्ज ९१ हजार कोटींच्या घरात होते. रस्ते आणि वीजप्रकल्प यांतून पैसा परत यायला वीस-वीस वर्षे लागतात. त्यासाठी समूहाने काही महिन्यांच्या मुदतीचेही कर्ज घेतले होते आणि जुने फेडायला नवे काढले जात होते. पतमानांकन संस्थांनी त्याला काही आठवडे आधीपर्यंत सर्वोच्च श्रेणी दिलेली होती. सप्टेंबर २०१८ मध्ये हप्ते थकले, १ ऑक्टोबरला केंद्र सरकारने संचालक मंडळ बदलले आणि म्युच्युअल फंडांनी इतर वित्तकंपन्यांनाही नवे पैसे देताना हात आखडता घेतला. त्यातच डीएचएफएल ही गृहकर्ज कंपनी अडकली. नोव्हेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिचे संचालक मंडळ बरखास्त केले. दुचाकी आणि ट्रॅक्टर यांची कर्जे मोठ्या प्रमाणात अशाच वित्तकंपन्यांकडून मिळतात, त्यामुळे २०१९ च्या वाहन उद्योगातील मंदीमागच्या कारणांत ही चणचणही मोजली जाते. वाहन उद्योगावर पोट असलेल्या वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या लोकांना हे वेगळे सांगायला नको.

आपल्या भागातले अनुभव याहून ताजे आणि अधिक वेदनादायी आहेत. छत्रपती संभाजीनगरच्या आदर्श नागरी सहकारी पतसंस्थेतला गैरव्यवहार २०२३ मध्ये उघड झाला आणि ठेवीदारांना रस्त्यावर उतरावे लागले. बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटमध्ये लाखो ठेवीदारांचे पैसे अडकले. ठेवींची रक्कम एका उद्योगसमूहाच्या कंपन्यांकडे वळवल्याच्या आरोपावरून सक्तवसुली संचालनालयाने मालमत्तांवर जप्ती आणली. खटले न्यायालयांत आहेत आणि दोष कोणाचा हे न्यायालये ठरवतील. ठेवीदाराच्या दृष्टीने मात्र क्रम उलटा आहे: आधी पैसे जातात, मग तक्रार, मग गुन्हा, मग जप्ती, मग लिलाव, आणि मग कधी तरी वाटप. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या हितरक्षणाचा कायदा १९९९ पासून आहे. त्याने जप्ती करता येते, परंतु जो पैसा आधीच उधळला गेला आहे तो जप्तीने परत तयार होत नाही.

या संस्थांवर देखरेख कोणाची, हा प्रश्न मी शाखेतही विचारला होता. "सर, आम्ही डायरेक्ट दिल्लीच्या अखत्यारीत आहोत," असे शाखाधिकाऱ्यांनी अभिमानाने सांगितले. ते बरोबर आहे. बहुराज्य सहकारी संस्था अधिनियम २००२ प्रमाणे या संस्थांचे निबंधक दिल्लीत असतात. भागभांडवल आणि राखीव निधी यांच्या बेरजेच्या दहा पटींपर्यंत ठेवी आणि कर्जे उभारण्याची मुभा हा कायदा देतो. म्हणजे संस्थेचे स्वतःचे दहा कोटी असतील तर ती लोकांचे शंभर कोटी हाताळू शकते, आणि कर्जांपैकी दहाव्या हिश्शाहून थोडे अधिक बुडाले की स्वतःचे सगळे संपते. एवढ्या अरुंद काठावरून चालणाऱ्या संस्थेचे दप्तर वेळोवेळी बाहेरच्या अधिकाऱ्याने उघडून पाहायला हवे, पण तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे गेले तर ते आपल्या हातात नसल्याचे सांगतात, आणि दिल्लीला पत्र पाठवणे एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईच्या आवाक्यातले नसते. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा २०१९ चा केंद्रीय कायदाही येथे फारसा उपयोगी पडत नाही, कारण निबंधकांच्या कक्षेतील सभासद-ठेवी या कायद्याच्या यादीत नियंत्रित समजल्या जातात. सहकारी संस्थांनी नावात बँक हा शब्द वापरणे आणि नाममात्र सभासदांकडून ठेवी घेणे याविषयी रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता आणि अशा ठेवींना विमा नाही हेही स्पष्ट केले होते. तो इशारा आमच्या शाखेच्या भिंतीवर कधी लागला नाही. २०२३ च्या दुरुस्तीने निवडणूक प्राधिकरण, सहकार लोकपाल आणि आजारी संस्थांसाठी पुनर्वसन निधी आणला, ही चांगली पावले आहेत; पण आजारी पडू नये म्हणून करायची नियमित तपासणी ती कशी भरून काढणार?

बँकेचे काम करणाऱ्या प्रत्येक संस्थेला बँकेचे नियम लागू झाले पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे. पाटीवर काय लिहिले आहे, नोंदणी कोणत्या कायद्याखाली आहे, ठेवीदाराला सभासद म्हटले आहे की ग्राहक, हे सारे दुय्यम आहे. लोकांकडून मागताक्षणी किंवा ठरल्या मुदतीला परत करायच्या बोलीवर पैसे घेणारी आणि ते कर्जाने देणारी संस्था असेल, तर तिच्याकडे पुरेसे भांडवल हवे, हाताशी सरकारी रोखे हवेत, संचालकांच्या कंपन्यांना कर्ज देण्यावर पूर्ण बंदी हवी, रिझर्व्ह बँकेच्या दर्जाची तपासणी हवी आणि ठेव विम्याचा हप्ता तिने भरायला हवा.

याविरुद्ध घेतला जाणारा एक आक्षेप वजनदार आहे आणि तो टाळून पुढे जाणे बरोबर नाही. नियम जितके कडक, तितका पैसा नियमांबाहेरच्या वाटेने जातो, असे म्हणतात. इतिहास याला पुष्टी देतो. अमेरिकेत १९३३ च्या कायद्यानंतर बँकांच्या ठेवींवरील व्याजाला मर्यादा घातली गेली होती, आणि महागाई वाढल्यावर जादा व्याज देणारा पहिला मनी मार्केट फंड १९७१ मध्ये निघाला. २००८ मध्ये कोसळलेला रिझर्व्ह प्रायमरी फंड त्याच घराण्यातला. पण या इतिहासातून मी वेगळा निष्कर्ष काढतो. पैसा बाहेर गेला, कारण नियम बँक या नावाला लावले होते आणि शेजारी तेच काम करणाऱ्याला मोकळे सोडले होते. दोन्ही दारांना एकच उंबरठा असता तर पळण्यासाठी दुसरे दार राहिले नसते. नुसते बँकांचे नियम कडक करून सावलीतल्या संस्थांना तसेच ठेवणे सर्वांत वाईट, आणि गेली काही वर्षे आपण मराठवाड्यात त्याच अवस्थेत आहोत.

दुसरा आक्षेप लहान संस्थांचा आहे. गावातली शे-दोनशे सभासदांची पगारदार पतसंस्था किंवा बचत गटांचा संघ यांच्यावर बँकेइतकी कागदपत्रे लादली तर त्या बंद पडतील, आणि माणसे खासगी सावकाराच्या किंवा उचल देणाऱ्या मुकादमाच्या दारी जातील. ही भीती खरी आहे. तिला उत्तरही आहे: नियम आकाराप्रमाणे चढत जावेत. बिगर-बँक वित्तकंपन्यांसाठी रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२१ मध्ये असेच चार थर आखले आणि ते १ ऑक्टोबर २०२२ पासून लागू झाले; लहानाला थोडे नियम, मोठ्याला जवळपास बँकेसारखे. अनेक जिल्ह्यांत शाखा आणि शेकडो कोटींच्या ठेवी असलेली मल्टिस्टेट कोणत्याही मापाने लहान नाही.

बँकांवरचे नियंत्रण निर्दोष आहे, असा माझा दावा नाही. पीएमसी या मुंबईच्या नागरी सहकारी बँकेचे सत्तर टक्क्यांहून अधिक कर्ज एकाच बांधकाम समूहाकडे लपवून ठेवलेले २०१९ मध्ये उघड झाले, तेव्हा ठेवीदारांना सुरुवातीला फक्त एक हजार रुपये काढता आले. तपासनीसांना ते वेळीच दिसले नाही, हा देखरेखीचाच दोष होता. पण त्यानंतर काय झाले तेही पाहावे. विम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये एक लाखावरून पाच लाख झाली, त्याच वर्षी कायदा बदलून नागरी सहकारी बँकांवर रिझर्व्ह बँकेची पकड घट्ट झाली, २०२१ च्या दुरुस्तीने बँकेवर निर्बंध आल्यापासून नव्वद दिवसांत विम्याचे पैसे देणे बंधनकारक झाले आणि जानेवारी २०२२ मध्ये ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली. मोठ्या ठेवीदारांना अजून वर्षानुवर्षे थांबायचे आहे, परंतु पाच लाखांपर्यंतच्या माणसाची सुटका झाली. आत्याची ठेव पाच लाखांची आहे. ती बँकेत असती आणि बँक बुडाली असती, तरी मूळ पाच लाख तीन महिन्यांत तिच्या हाती आले असते.

आता सेवेचा निवाडा. वागणूक, वेळ, भाषा आणि घरपोच वसुली या बाबतींत ही शाखा मी पाहिलेल्या कोणत्याही बँकेपेक्षा सरस आहे, आणि बँकांनी हे तिच्याकडून शिकावे, असे मनापासून वाटते. ती शिकवण बँकांनी घेतली असती तर आत्या मोंढ्याकडे वळलीच नसती. व्याजदर आकर्षक आहे, पण त्याचा जादा भाग म्हणजे विमा नसलेली जोखीम उचलण्याची मजुरी आहे आणि तसे ठेवीदाराला सांगितले जात नाही. पावती दिखाऊ आहे, तिच्यावरची माहिती अपुरी आहे. मुदतपूर्व परतफेड आणि मुदत संपल्यावरची परतफेड या ठेव सेवेच्या खऱ्या कसोट्या आहेत, आणि त्यांत ही संस्था नापास झाली आहे. शस्त्रक्रिया, लग्न, घर, मुलांचे शिक्षण यांसाठी राखलेला पैसा येथे ठेवू नये. पिग्मी भरणाऱ्या छोट्या दुकानदारांनी जमा होणारी रक्कम दर महिन्याला काढून बँकेच्या बचत खात्यात न्यावी. एजंटाची सोय मिळते आणि मोठी रक्कम अडकत नाही.

ज्यांच्या ठेवी अशा संस्थांत आधीच आहेत त्यांना एक मार्ग मोकळा आहे. ठेव ठेवताना ज्या अर्जावर सही घेतली गेली, त्याच अर्जाने ते सभासद झालेले आहेत. बहुराज्य संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे सप्टेंबरअखेर, घ्यावी लागते. त्या सभेपूर्वी लेखी अर्ज देऊन विचारावे की सर्वांत मोठ्या वीस कर्जदारांकडे मिळून किती रक्कम आहे, संचालक आणि त्यांचे नातेवाईक यांच्याशी संबंधित संस्थांकडे किती येणे आहे, आणि एकूण ठेवींच्या किती टक्के रक्कम आज रोख, बँकेतील ठेवी किंवा सरकारी रोख्यांच्या रूपात आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी, शिक्का आणि तारीख यांसह. आत्याच्या सहीने असा अर्ज आम्ही शाखेत दिला आहे आणि त्याची प्रत केंद्रीय निबंधकांकडे पाठवली आहे. उत्तर आले की ते जसेच्या तसे येथे जोडीन.